माळ्यावरचे बांबू

पांढुर्ण्याचं नाव काढलं की लोक गोटमारीचंच विचारतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात, ते टीव्हीवर दिसतं, तेवढीच ओळख. माझ्यासाठी पांढुर्णा-सौंसर म्हणजे मामाचं गाव, संत्र्याची बाग, आणि आता तिरकामठा.

सुरुवात लेकीमुळे झाली. २०२३ साली बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी तिरंदाजीत जगज्जेते झाले. अदिती तेव्हा सतरा वर्षांची. आमची तेरा वर्षांची लेक हटून बसली, मलाही धनुष्य हवं. त्या यंत्रासारख्या धनुष्याची किंमत ऐकून मी म्हटलं, मामाआजोबांकडे बांबू आहे, घरीच करू. किती सोपं वाटलं होतं!

डिसेंबरात इंदूरहून निघालो. मुलताईनंतर रस्ता उतरायला लागला की कानावर मराठी पडू लागते. १९५६ मध्ये नागपूर तिकडे गेलं आणि छिंदवाडा जिल्हा इकडे राहिला. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. बोली मात्र नागपूरकडचीच. लेकीच्या मराठीत अर्धी हिंदी. "मामाआजोबा, तीर-कमान बनाना है," म्हणाली. मामा हसले. "तिरकामठा म्हण पोरी. मंग बनवू."

मामा लहान असताना त्यांच्याकडे एक गोंड सालदार होते. कामठा करायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या कामठ्याला दोरीसुद्धा बांबूच्याच कमचीची असे. बांधावरचं बेट मामांचंच. शेतातला बांबू तोडायला आता अडचण नाही, २०१७ साली कायद्यातून तो 'झाड' या व्याख्येबाहेर काढला. मामांनी तीनेक वर्षांचे, भरीव, सरळ बांबू निवडले. हिवाळ्यात तोडलेल्याला कीड कमी लागते म्हणाले. मग सगळे उचलून माळ्यावर टाकले.

"आता उन्हाळ्यात या."

लेकीचं तोंड उतरलं. माझंही. आमच्याकडे चारच दिवस होते. "काहून घाई करून राह्यली? वायू दे त्याले," मामा म्हणाले. मी ऐकलं नाही. एक ओला बांबू चिरून संध्याकाळपर्यंत कामठा केला आणि रात्रभर दोरी चढवून ठेवली. सकाळी दोरी काढली, तर कामठा वाकलेला तसाच! ओलं लाकूड वाकतं, पण परत उसळत नाही. शेवटी मामींनी त्याच्यावर वालाचा वेल चढवला.

त्याच मुक्कामात मामेभावाचा पुण्याहून फोन आला. बाग ठेक्यानं द्या, घर बंद करा आणि इकडे या, हे तो दोन वर्षं सांगतोय. मामी गेल्या की मन लावून ऐकतात, मामा टाळतात. या वेळी म्हणाले, "बांबू वायाले टाकले हायेत ना. मे महिन्यात पाहू."

मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. पाच महिने मामा दर आठवड्याला माळ्यावर चढून बांबू फिरवत होते, हे मामींनी तक्रारीच्या सुरात सांगितलं. बहात्तराव्या वर्षी शिडी!

बांबू उभा चिरला. लांबी लेकीच्या उंचीएवढी, मूठ जाड, टोकांकडे निमुळता. बांबूची साल निशाण्याकडे राहते. ओढताना सगळा ताण तिच्यावर येतो, म्हणून तिला हात लावायचा नाही. तासायचं ते फक्त आपल्याकडच्या अंगानं. मला सालीवरच्या गाठी खुपल्या. दिसायला बऱ्या व्हाव्यात म्हणून मी त्या कानशीनं घासल्या. दुसऱ्याच ओढीला कामठा तिथेच कडाडून मोडला. मामा काही बोलले नाहीत, माळ्याकडे बघितलं फक्त. तिथे एकच उरला होता.

तो लेकीनं केला. मी लांब बसले. खुंटीला मूठ अडकवायची, सैल दोरी वीतभर खाली ओढायची आणि दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते बघायचं. जिथे ताठ, तिथे काचेच्या तुकड्यानं खरवडायचं. जास्त वाकते ती जागा सोडून द्यायची. मग पुन्हा खुंटीवर. सारखं झाल्याशिवाय आणखी एक बोटही ओढायचं नाही. काच धरायला मामांनी कापड गुंडाळून दिलं. तीन दिवस गेले. मोबाईल कुठे होता, तिला आठवलंही नाही. दोरी अंबाडीची, पिळून मेण लावलेली. संत्र्याच्या ताणकाट्याला अडकवून ओढलं तर साडेसात किलो भरलं. तिच्यासाठी पुष्कळ झालं.

बाणांच्या टोकांना चिंध्या बांधल्या. शिकारीला कायद्यानं बंदी आहे आणि आम्हाला मारायचं होतं ते कुटारानं भरलेलं पोतं. त्याच्या मागे कुणी येणार नाही, हे आधी पाहिलं. बाण न लावता दोरी सोडायची नाही, नाहीतर सगळा झटका कामठ्याच्या अंगात जातो, हे मामांनी तीनदा बजावलं. पहिला बाण पोत्यावरून गेला, दुसरा शेजारून. सहावा लागला. "लागला जी!" असं ती ओरडली, तेव्हा मामांनी माझ्याकडे बघितलं.

निघायच्या दिवशी त्यांनी तिला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि खिळ्यानं खूण केली. कामठा उंचीएवढा लागतो, आणि ही तर वाढणार. मामेभावाचा फोन सकाळीच येऊन गेला होता. मामा बाहेर येऊन बेटाकडे बघत म्हणाले, "चार तोडतो या हिवाळ्यात. तुह्या आईसाठी दोन मोडाले लागतात."