बोटभर उंची

चाकासारख्या रुक्ष विषयावर भाषेच्या मास्तराने लेखणी उचलावी, हे वाचकांना विचित्र वाटेल. मलाही वाटते. परंतु गेले वर्षभर आमच्या घरात ज्या एका प्रश्नाचा काथ्याकूट चालला होता, तो अखेर चाकापाशीच येऊन थांबला. तेव्हा त्याविषयी लिहिल्यावाचून मला गत्यंतर नाही.

पेडणे तालुक्याच्या पूर्वेकडे, चांदेलच्या बाजूला, डोंगराच्या उतारावर आमची काजूची बागायत आहे. आजोबांनी लावलेली. माझे वडील, बाबा, उभ्या जन्मात फाल्गुन-चैत्रात तिकडे गेले नाहीत असे कधी घडले नव्हते. परंतु गुडघ्यांनी दगा दिला आणि दोन मोसम ते वर चढू शकले नाहीत. त्याच सुमारास जमिनीचे दलाल घरी येऊ लागले. मोपाच्या पठारावरील विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागल्यापासून आमच्या तालुक्यातल्या खडकांनाही भाव आला आहे! प्रारंभी बाबा त्यांना चहा देऊन वाटेला लावीत. पुढेपुढे ते आकडा विचारू लागले. डोळ्यांआड झालेली जमीन विकायला मन किती लवकर तयार होते, हे मी तेव्हा पाहिले.

माझ्यापाशी एक जुनी थार आहे, २०१४ सालची. तिने बाबांना वर न्यावे, इतकीच माझी इच्छा. पण अर्ध्या वाटेवर जांभ्याची एक धार आडवी येते. तिच्यावर गाडीचा मागचा आस मध्यभागी जो गोलक असतो, तिथे ठाणकन आपटे. एकदा बाबा गाडीत असताना तसे झाले आणि ते म्हणाले, “पुरे, परत जाऊया.” त्या ‘पुरे’ शब्दाचा मला धसका बसला.

गाडी उंच करून घ्यावी, असा सल्ला माझ्या भाच्याने दिला. स्प्रिंगांखाली ठोकळे घालून अंग वर उचलायचे. बाबांनी कोकणीत एकच प्रश्न विचारला, “चड उंच केल्यार हांव कसो चडटलों?” या प्रश्नाला उत्तर नव्हते. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत मालकाने मनमानी बदल करू नयेत, हे मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात आहे आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावले आहे. विद्यार्थ्यांना नियम शिकवणाऱ्याने तो मोडावा कसा? आणि सर्वांत मोठी मौज अशी की, ठोकळ्यांनी अंग वर जाते, आस नाही! आस चाकांवर बसलेला. तो उचलायचा तर चाकच मोठे हवे.

मी कलाशाखेचा पदवीधर. आकड्यांशी माझे सख्य बेताचेच. आमच्या गणिताच्या सरांना मधल्या सुट्टीत गाठले. गाडीचे मूळ माप २३५/७० आर १६. म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, आणि आतली लोखंडी चकती १६ इंचांची. व्यास निघाला सुमारे ७३५ मिलिमीटर. २४५/७५ चे टायर घेतले तर सुमारे ७७४. हेच माप कंपनीने २०२० च्या नव्या थारच्या एका प्रकारास दिलेले आहे. फरक ३९ चा. पण आस वर जाणार त्याच्या निम्मा, म्हणजे १९ मिलिमीटर. बोटभर! एवढ्याचसाठी हा खर्च? परंतु मी वाटेवर जाऊन पट्टीने मोजले. धारेवरची ओरखड्याची खूण तेवढीसुद्धा खोल नव्हती.

भाच्याला १८ इंची चकत्या हव्या होत्या, शोभेसाठी. मी नकार दिला. तेवढ्याच व्यासात चकती वाढली की रबर घटते, आणि जांभ्याचा मार रबराने सोसायचा असतो, लोखंडाने नव्हे.

टायर बसवले त्या दिवशी सुकाणू पूर्ण वळवताच पुढचे चाक आतल्या आवरणाला घासले. दुकानदार म्हणाला, “चालायचेच.” मला ते पटले नाही. दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रींनी एक चाक दगडावर चढवून, गाडी मुद्दाम कलती करून पाहिले. कारण सपाटीवर न घासणारे चाक खड्ड्यात घासते. मग वळणाची मर्यादा ठरवणारा बोल्ट त्यांनी किंचित बाहेर काढला. गाडी आता जरा मोठा वळसा घेते, पण घासत नाही. राखीव चाकही त्याच मापाचे घ्यायला त्यांनीच लावले. चारही चाके ओढू लागली म्हणजे एक लहान चाक यंत्राच्या दातांवर उठते, असे त्यांचे म्हणणे. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. वेगाचा काटा आता खोटे बोलणार. तो ६० दाखवील तेव्हा गाडी ६३ ने धावत असेल, आणि जड चाक थांबायलाही थोडा वेळ घेईल.

फाल्गुनात एका रविवारी आम्ही डिचोलीहून निघालो. अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल, धारगळ. डोंगराच्या पायथ्याशी मी टायरांतली थोडी हवा सोडली, म्हणजे रबर पसरून दगड धरते. धार आली. बाबांनी समोरचा दांडा घट्ट पकडला. मी श्वास रोखून ऐकत राहिलो. काहीच आवाज आला नाही. बाबा मागे वळून त्या धारेकडे बघत राहिले.

वर बोंडूंचा घमघमाट सुटला होता. बाबांनी काठीने झाडे मोजायला सुरुवात केली. वादळात पडलेल्या दोन झाडांची मला कल्पनाही नव्हती, ती त्यांनी तात्काळ ओळखली. “इथे पावसाळ्यात नवीन कलमे लावायची,” एवढेच ते बोलले. दलालांचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.

बोटभर वाढलेली ती उंची मात्र त्यांच्या गुडघ्यांना जाणवलीच. उतरताना त्यांना आधार पुरेना. तेव्हा आईने देवघरापुढचा एक जुना पाट काढून दिला. तो आता गाडीतच असतो.