चार फुटांची साखळी

सांगलीच्या गावभागात आमच्या शेजारच्या घराला बाहेरून गच्चीचा जिना आहे. त्या जिन्याखालच्या शहाबादी फरशीवर एक अर्धगोल उमटलाय. तेवढा भाग तेल चोळल्यासारखा गुळगुळीत, बाकीची फरशी खडबडीत. साखळी चार फुटांची. ब्रुनो तिच्या टोकापर्यंत येतो, वळतो, पुन्हा जातो. फरशी झिजली ती त्याच्या पंजांनी.

ब्रुनो लॅब्राडोर आहे. 2016च्या दिवाळीत आला तेव्हा बुटाच्या खोक्यात मावत होता. शेजारचा मुलगा तेव्हा नववीत, त्याचाच हट्ट. गल्लीतली पोरं त्याला नुसता हात लावायला रांग लावायची. मुलाच्या आजींनी आधी घरात कुत्रं नको म्हणून कुरकुर केली, आणि महिन्याभरात त्यांनीच त्याच्यासाठी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करायला घेतली. संध्याकाळी आजी कट्ट्यावर बसायच्या आणि हा त्यांच्या पायावर हनुवटी टेकून पडलेला असायचा.

ऑगस्ट 2019 मध्ये महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. कृष्णा 57 फुटांवर गेली. शेजारचं घर बैठं, आमचं माडीचं. ते सगळे आमच्याकडे वर आले, ब्रुनोही आला. पाच दिवस दोन कुटुंबं एका खोलीत. वीज नाही, खाली आमच्या जिन्याच्या आठव्या पायरीला पाणी. दूध आणि जेवणाची पाकिटं बोटीतून यायची. त्या पाच दिवसांत ब्रुनोच्या गळ्यात काही नव्हतं. तो माणसांच्या मधून फिरायचा, रात्री कुणाच्याही पांघरुणात शिरायचा, आणि पहाटे आठव्या पायरीवर जाऊन पाण्यात पुढचे पाय बुडवून उभा राहायचा. बाहेर माणसांचे संसार वाहून चालले होते. तरीही मला आज वाटतं, ब्रुनोच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस तेच होते.

पाण्याची ओढ त्याच्या रक्तातच आहे. लॅब्राडोरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांचे कुत्रे. थंडगार समुद्रात उतरून जाळी ओढायची, निसटलेले मासे तोंडात धरून आणायचे, ही त्यांची कामं. म्हणून बोटांमध्ये पडदा, अंगावर पाणी झटकून टाकणारे दाट केस, आणि पोहताना सुकाणूसारखी चालणारी जाड शेपटी. असा कुत्रा सांगलीच्या एप्रिलमध्ये, चाळिशीला टेकलेल्या उन्हात, जिन्याखाली बांधलेला. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून जिभेवाटे अंग थंड करतो आणि त्यासाठी त्याला सतत पाणी लागतं.

पूर ओसरला तेव्हा शेजारच्यांची कुंपणाची भिंत पडलेली होती आणि फाटक वाहून गेलं होतं. कुत्रा रस्त्यावर जाईल म्हणून मुलाच्या वडिलांनी, अण्णांनी, त्याला जिन्याखाली बांधला. तात्पुरता. त्यांच्या दुकानातला माल चिखलात गेला होता, कर्ज डोक्यावर होतं. भिंत उभी राहायला दोन वर्षं लागली. तोवर मुलगा बारावी होऊन पुण्याला शिकायला गेला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आजी गेल्या. भिंत झाली, नवं फाटकही बसलं, पण साखळी सोडायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

या घरात कुणी दुष्ट नाही. अण्णांनी ब्रुनोवर कधी हात उगारलेला मी पाहिला नाही. दिवसातून एकदा उरलेला भात त्याच्यापुढे येतो. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवून दिलं की, साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या जनुकात दोष असतो, त्याची भूक भागतच नाही. ब्रुनो त्यांतला आहे की नाही, कोण तपासणार? भात संपल्यावर तो रिकामी थाळी चाटत चाटत साखळीच्या टोकापर्यंत ढकलतो. मग थाळी टोकाच्या पलीकडे जाते, आणि तो तिच्याकडे बघत बसतो.

हे सगळं मला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. पाण्याच्या पातेल्यात शेवाळ धरलेलं, त्यात डासांच्या अळ्या. नखं इतकी वाढलेली की चालताना फरशीवर टकटक वाजतात. एकदा जवळ जाऊन त्याचा कान उलटा केला तर आत गोचिडी, वाटाण्याएवढ्या फुगलेल्या. पट्ट्याखालचे केस झडून कातडी काळी, जाड झालेली. मी हात काढून घेतला तर त्यानं पंजा माझ्या मनगटावर ठेवला आणि दाबून धरला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

शेवटी एकदा अण्णांच्या बायकोकडे, वहिनींकडे, विषय काढला. "वहिनी, त्याला जरा डॉक्टरकडे दाखवूया का? मी नेते."

"तुम्हाला एवढा जीव लागलाय तर घेऊनच जावा की घरी," त्या म्हणाल्या. रागानं नव्हे, थकून म्हणाल्या. त्यांच्या हातात तेव्हा दुकानाच्या हिशेबाची वही होती.

नेता आलं असतं तर? माझ्या यजमानांना दमा आहे, केसांनी तो उसळतो. मी गप्प उभी राहिले.

कायदा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणून रेटा लावला, त्यातून 1960चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमात नेमकं ब्रुनोचंच वर्णन आहे: अवाजवी आखूड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणं, पुरेसं अन्नपाणी न देणं. हे सगळे गुन्हे. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान 10 रुपये, जास्तीत जास्त 50. ब्रुनोच्या गळ्यातला पट्टासुद्धा तेवढ्यात येत नाही. आणि तक्रार केली असती तरी ती ज्यांच्यासोबत पुराचे पाच दिवस एका स्टोव्हवर चहा केला, त्यांच्याविरुद्ध. ती मी केली नाही. ही गोष्ट मला अजून डाचते.

तक्रारीऐवजी मी अण्णांकडे फक्त संध्याकाळचा एक तास मागितला. "न्या की, त्यात काय विचारायचं?" ते म्हणाले. इतकं सोपं होतं ते, आणि मी तीन उन्हाळे वाया घालवले होते. दुसऱ्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी गोचिडी काढल्या, नखं कापली, गोचीड तापाचं औषध सुरू केलं. पण पहिल्या संध्याकाळी साखळी सोडली तर ब्रुनो हलेना. चार फूट चालला आणि वळला. पुन्हा चार फूट, पुन्हा वळला. भाकरीचा तुकडा पुढे धरत धरत त्याला फाटकापर्यंत न्यायला पाऊण तास गेला.

आता आम्ही रोज घाटावर जातो. कृष्णेत मगरी आहेत, म्हणून दोर हातात घट्ट धरून मी त्याला पाण्यातल्या वरच्या दोन पायऱ्यांपलीकडे सोडत नाही. त्याला पोहता येतं की नाही, मला माहीत नाही. तो पोटापर्यंत पाण्यात उभा राहतो, डोळे मिटतो, शेपटी पाण्यात आडवी पसरते. तोंडाभोवतीचे केस आता पांढरे झालेत.

तासाभरानं परत आलो की तो स्वतःच जिन्याखाली जातो, गुळगुळीत फरशीवर बसतो आणि मान पुढे करतो. कडी मला अडकवावी लागते.