वाडा रंगवताना

जुन्या वाड्यासमोर रंगपेटी उघडली की हात आपसूक पडझडीकडे वळतो. पोपडे निघालेला चुना, भिंतीतून फुटलेला पिंपळ, शेवाळलेली कौलं. जलरंगात हे सगळं फार खुलतं. ओल्या कागदावर रंग सोडला की भिंतीतली ओल आपोआप उतरते, कोरडा ब्रश फिरवला की झिजलेलं सागवान दिसू लागतं. पण वाडा टिकावा म्हणून चित्र काढायचं असेल, तर हा मोह आवरलाच पाहिजे. पिंपळाचं मूळ भिंतीचा सांधा न् सांधा सुटा करत असतं. त्याचे लाड करणारं चित्र बघणाऱ्याला एवढंच सांगतं, की हे घर आता संपलं.

म्हणून मी आधी बांधणी रंगवतो. पुण्याच्या पेठांमधले वाडे लाकडी सांगाड्यावर उभे आहेत. दगडी जोतं, तळखडा, त्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घराचा सगळा हिशेब खणांत. पेन्सिल हातभर लांब धरून मी खण मोजून घेतो, मगच पाणी घेतो. तुळई वाकली असेल तर ती वाकलेलीच काढतो. डोळ्याला सरळ रेघ आवडते; पण तो बाक पुढे एखाद्या सुताराला वाचता आला पाहिजे.

चौकातला उजेड म्हणजे कोरा कागद. तो सुरुवातीपासून राखावा लागतो. ओसरीतला काळोख बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनच्या मिश्रणातून, थरावर थर देत, सगळ्यांत शेवटी येतो. त्या काळोखात दांडीवरचं लुगडं आणि भिंतीला टेकलेली सायकल मी सोडत नाही. घर नांदतं आहे, हे चित्रात दिसायला हवं.

चित्राचं मोल पुण्याला ठाऊक असायला हवं. 1828 च्या आगीत शनिवारवाड्याचे महाल जळाले; राहिले तट, दरवाजे आणि जोती. 1790 मध्ये इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटनं पेशव्यांच्या दरबारात केलेल्या तहाचं चित्र थॉमस डॅनियलनं 1805 मध्ये पूर्ण केलं, तेही चित्रकार जेम्स वेल्सनं पुण्यात केलेल्या अभ्यासचित्रांच्या आधारे. जळून गेलेल्या त्या वाड्यातल्या दरबाराची कल्पना आज आपल्याला अशा चित्रांवरून करता येते. वेल्स 1795 मध्येच वारला होता. त्यानं टिपून ठेवलं, म्हणून ते उरलं.

चित्रानं तुळई बदलत नाही. त्यासाठी पैसा लागतो, जुनं काम जाणणारा सुतार लागतो, मालक आणि भाडेकरू यांचं एकमत लागतं. पण आम्ही चित्रकार चौकात बसलो की घरातली माणसं मागे येऊन उभी राहतात. कुणी गणेशपट्टीवरची धूळ पुसतं, कुणी माडीवरची बंद खोली उघडून दाखवतं. रोज पाहून दिसेनासं झालेलं घर त्यांना पुन्हा दिसू लागतं. दुरुस्तीचं बोलणं निघतं ते अशाच वेळी.

तेव्हा चित्रकार मित्रांनो, तुमच्या गल्लीतल्या वाड्यापासून सुरुवात करा. चित्रामागे वाड्याचं नाव, पेठ, तारीख, दिशा आणि खणांची संख्या लिहा. आणि एक प्रत त्या घरातच द्या. वाडा वाचवायचा निर्णय शेवटी तिथेच व्हायचा असतो.