शेवटचा खांब

कपाटाच्या खालच्या कप्प्यात दोन वर्षे एक अर्धवट पांघरूण पडून होते. पिवळा, हिरवा, निळा, केशरी असे पट्टे आणि धाग्यात अडकलेली क्रोशाची सुई. पहिल्या खेपेला सुनेचा सहावा महिना पुरा झाला नाही. त्या दिवसापासून सासूबाईंनी विणकाम हाती घेतले नव्हते आणि घरात त्या विषयावर कोणी बोललेही नव्हते.

पुन्हा दिवस राहिले, तेव्हा सासूबाईंनी नवे सुती धागे आणवले. सुनेने मात्र जुनेच पांघरूण त्यांच्या मांडीवर ठेवले. “आई, हेच पुरे करा.”

पसरून पाहिले तर पांघरूण वरच्या बाजूला निमुळते झालेले! ओळीच्या आरंभीच्या तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब. परतताना त्यांच्या माथ्यावर शेवटचा खांब घालावा लागतो. तो राहिला की ओळीमागे एक टाका घटतो. रोजमेळातील रुपयाची चूक अशीच रोज लपते आणि वर्षअखेरीस उघडी पडते.

सासूबाई उसवू लागल्या, सून गुंडाळू लागली. हात गुंतलेले असतानाच गेलेल्या बाळाविषयी दोघी प्रथम बोलल्या, रडल्याही. उसवलेला धागा वळणे धरून बसतो. त्याच्या लडी करून, भिजवून वाळत घातल्या, तेव्हा तो सरळ झाला.

आता प्रत्येक ओळ संपताना सून टाके मोजते. १२० भरले की मगच रंग बदलतो.