पानवलचा दरीपूल

आमच्या गंगापूर तालुक्यात पूल म्हटला की पाणी आलेच. कायगावला गोदावरी, लासूरला शिवना. नदी आडवी आली म्हणून पूल झाला, असा सरळ हिशेब. लासूर स्टेशनवरून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राजवटीत घातला गेला. प्रथम तो मीटरगेज होता, १९९०च्या दशकात ब्रॉडगेज झाला. काळ्या मातीच्या या सपाट मुलखात रुळांना डोंगर-दऱ्यांची चिंता फारशी करावी लागली नाही. त्यामुळे पाण्यासाठी नव्हे, तर केवळ दरीच्या खोलीसाठी पूल बांधावा लागतो, ही गोष्ट आमच्या कल्पनेत सहजी येत नाही.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाला गोव्यास जाणारी आपली मंडळी, अगदी अलीकडे २०२४च्या अखेरीस गेलेलीसुद्धा, बहुधा कोकण रेल्वेनेच जातात. रत्नागिरी स्टेशन सोडून गाडी दक्षिणेकडे निघाली की थोड्याच वेळात ती पानवलच्या दरीवरून धावते. (हे पानवल, मुंबईजवळचे पनवेल नव्हे. नावाच्या साम्याने पुष्कळांची फसगत होते.) पूल ४२४ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच आहे. गाडी तो विसाएक सेकंदांत ओलांडते. खिडकीतून क्षणभर झाडांचे शेंडे खाली गेलेले दिसतात आणि पुन्हा लाल मातीची भिंत डोळ्यांसमोर येते. डब्यातल्या बहुतेकांना आपण काय ओलांडले याचा पत्ताही लागत नाही.

तळाशी वाहतो तो एक साधा ओढावजा प्रवाह. त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? उत्तर रुळांच्या चढावात आहे. बोरघाटात दर ३७ फुटांना एक फूट चढ आहे, म्हणून तिथे गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. कोकण रेल्वेच्या आखणीत हा चढ १५०ला एक एवढाच ठेवला गेला आणि वळणेही मोठ्या त्रिज्येची घेतली गेली, कारण हा मार्ग वेगवान गाड्यांसाठी योजलेला होता. अशा मार्गाला दरीत उतरून पलीकडे पुन्हा चढता येत नाही. डोंगर आला तर बोगदा, दरी आली तर पूल. म्हणूनच रोह्यापासून मंगळूरपर्यंतच्या या मार्गावर ९०हून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल आहेत. दरीत मातीचा भराव घालावा म्हटले, तर ६४ मीटर उंचीला तळाची रुंदी अडीचशे मीटरांच्या पुढे जाईल. शिवाय कोकणातला पाऊस तो भराव किती वर्षे जागेवर राहू देईल, कोण जाणे.

या पुलाचे खांब भरीव नाहीत, आतून पोकळ आहेत. साचा हळूहळू वर सरकवीत आणि काँक्रीट ओतीत ते उभे केले गेले. आमच्यासारख्या दगडी भिंतींवर विश्वास ठेवणाऱ्यांना हे प्रथम रुचत नाही. परंतु खांबाचे स्वतःचे ओझे कमी झाले की पायावरचा भारही कमी होतो. खरी नवलाई पुढेच आहे. एवढ्या उंचीवर परांच्या बांधून गाळे घालणे धोक्याचे, म्हणून पुलाचा वरचा भाग दरीच्या एका काठावर तुकड्यातुकड्यांनी तयार झाला. एक तुकडा ओतायचा, तो पक्का झाला की पोलादी तारांच्या ताणाने मागच्या तुकड्याशी आवळायचा आणि मग सगळी रांग जॅकने खांबांवरून पुढे ढकलायची. घर्षण कमी व्हावे म्हणून खाली टेफ्लॉनचे गुळगुळीत थर असत. रांगेच्या टोकाला हलकी पोलादी चोच जोडलेली असे. पुढच्या खांबावर ती आधी टेके, त्यामुळे मागच्या काँक्रीटला अधांतरी लोंबण्याचा ताण कमी पडे. १९६०च्या दशकात जर्मन अभियंता लेओनहार्ट याने व्हेनेझुएलातील एका पुलासाठी ही रीत वापरली होती. भारतीय रेल्वेच्या पुलासाठी ती पानवलला प्रथम आली. स्कॉटलंडमधील ग्लेनफिनन येथील १९०१ साली सुरू झालेला २१ कमानींचा रेल्वेपूलही काँक्रीटचाच, पण त्यात पोलादी सळ्या नाहीत. तो आपल्या वजनावर उभा आहे, पानवलचा आवळलेल्या तारांवर. दोन्ही पूल पाहण्याजोगे आहेत. पण आमचे मन पानवलकडेच झुकते.

श्रेयाची नावे ठाऊक आहेत. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले; त्यामागे रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री मधु दंडवते यांचा आग्रह होता. फर्नांडिस मंगळूरचे, तरुणपणी सेमिनरीत शिकलेले. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम चालले आणि १९९८च्या जानेवारीत संपूर्ण मार्ग खुला झाला. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून मोठा वाद झाला, तो विसरू नये. मार्गासाठी ४२ हजारांहून अधिक जमीनमालकांच्या जमिनी घेतल्या गेल्या, हेही विसरू नये. परंतु साचा वर सरकत असताना खांबाच्या टोकाशी, दरीच्या वाऱ्यात उभे राहून काँक्रीट दाबणारे कोण होते? त्यांची नावे आमच्या वाचनात आली नाहीत. आमच्या भागातील कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला आणि शहरांतल्या बांधकामांवर जातात, मुले आजीआजोबांपाशी ठेवून. बांधून झाल्यावर त्या इमारतीच्या दारातही त्यांना कुणी उभे करीत नाही. म्हणून हा प्रश्न आम्हांला दूरचा वाटत नाही. कोकण रेल्वेच्या उभारणीत अनेकांचे प्राण गेले. त्यांचे स्मारक रत्नागिरी स्टेशनच्या आवारात आहे.

पानवलचा हा पूल त्या काळी भारतातील सर्वांत उंच रेल्वेपूल ठरला. आता तो मान त्याच्याकडे नाही. २०२५ साली काश्मीरमध्ये चिनाब नदीवरचा ३५९ मीटर उंचीचा पोलादी पूल वाहतुकीस खुला झाला. त्याचे काम कोकण रेल्वे महामंडळाकडेच होते.

गोव्याची यात्रा काढणाऱ्यांस आमची एक सूचना आहे. परतीच्या प्रवासात एक दिवस हाती ठेवून रत्नागिरीला उतरावे. आधी स्मारकापाशी जाऊन यावे, मग पानवलच्या दरीत उतरून ओढ्याच्या काठी उभे राहावे आणि वरून गाडी जाईपर्यंत थांबावे. दुपारचे जेवण बरोबर घेतलेले बरे.