नखांवरचा उन्हाळा

मराठीत नख हा शब्द फारसा सुखाचा नाही. वाक्प्रचार शिकवताना हे दर वर्षी नव्याने जाणवते. 'नखशिखांत' हा एक देखणा शब्द सोडला, तर उरलेली नखे एक तर ओरबाडतात, नाही तर कोणाला कोणाची सर नाही हे सांगायला उपयोगी पडतात. 'नख लावणे' म्हणजे तर गळा दाबून जीव घेणे. आणि तो जीव बहुधा नुकत्याच जन्मलेल्या मुलीचा असतो, हे वर्गात समजावून सांगावे लागत नाही. आमच्या कळंबहून मांजरा ओलांडली की बीड जिल्हा लागतो. २०११च्या जनगणनेत त्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. तोवर नख लावण्याची गरजही उरली नव्हती, यंत्रावर काम भागत होते. वर्गातला एखादा तरी विद्यार्थी दर वर्षी 'नखरा' या शब्दाचा उगम नखात शोधतो. नखरा फारसीतून आला, त्याचा नखाशी काही संबंध नाही, असे आम्ही सांगतो. पण समोरच्या बाकावरच्या मुली तेव्हा नकळत मुठी मिटून घेतात, त्याचे काय करायचे हे कोणत्याही व्युत्पत्तिकोशात नाही.

ज्या वस्तूविषयी लिहायचे आहे, तिला मराठीत अजून नीट नावही नाही. आमच्या आत्या-मावश्या सरसकट 'क्युटेक्स' म्हणत. त्या नावाच्या अमेरिकी कंपनीने १९१७च्या सुमारास नखांचा पातळ रंग बाजारात आणला होता, आणि वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणतात तसे हे झाले. मग 'नेलपॉलिश' आले, आता मुली 'नेलपेंट' म्हणतात. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून 'नखरंग' असाही एक शब्द डोकावून जातो, पण तो उच्चारून दुकानात काही मागता येईल असे वाटत नाही. आम्ही आपले 'नेलपॉलिश' म्हणू.

आम्ही म्हणजे दोघी. एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, चाळिशी दोघींनीही ओलांडली आहे, आणि इतक्या वर्षांच्या सहवासानंतरही एकमेकींना 'मॅडम'च म्हणतो. आमच्यापैकी एकीचे यजमान २०२१च्या दुसऱ्या लाटेत गेले. याचा उल्लेख टाळता आला असता तर टाळला असता, पण पुढचे सगळे त्याच्याशी बांधलेले आहे. तिला बांगड्या काढ, टिकली काढ, असे घरात कोणी म्हटले नाही. उलट सासूबाईंनी 'राहू दे' म्हटले होते. पण घालून बाहेर पडल्यावर समोरच्याची नजर आधी कपाळावर, मग गळ्यावर, मग मनगटावर उतरते आणि तेथून मुकाट दुसरीकडे वळते, ते रोज सोसण्यापेक्षा मनगटी घड्याळ बरे, असे तिने स्वतःच ठरवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करायचे आवाहन केले, तेव्हा आम्ही दोघींनी तो विषय निबंधाला दिला होता. निबंध उत्तम आले. एका मुलीने लिहिले होते की ठराव बांगडी फोडू नका म्हणतो, पण बांगडी घालून हळदीकुंकवाला गेल्यावर पहिले कुंकू कोण लावणार, ते ठरावात नाही. तिला आम्ही सर्वांत जास्त गुण दिले.

तालुक्यातल्याच येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री पौर्णिमेची यात्रा भरते. लाखो माणसे येतात, चुन्याच्या रानात चुनखडीचे खडे वेचतात, पालखी आमराईत जाते. आमचा चैत्र तेथे संपतो आणि खरा उन्हाळा तेथून सुरू होतो. यंदाच्या यात्रेत बांगड्यांच्या एका पालापाशी आम्ही उभ्या होतो. कासारीण साठी उलटलेली. आमच्यापैकी एकीला चुडा भरून झाल्यावर तिने दुसरीच्या हाताकडे पाहिले, घड्याळ पाहिले, आणि काहीही न विचारता खोक्यातून चमकीच्या नेलपॉलिशची एक बाटली काढून पुढे केली. "बांगड्या न्हाई घालत तर नका घालू बाई. ही घ्या. हिला कुनी इचारत न्हाई."

आम्ही आयुष्यभर स्त्रीवादी समीक्षेची पुस्तके वाचत आणि शिकवत आलो आहोत. हे वाक्य त्यांत कोठे सापडल्याचे आठवत नाही. खरेच, नेलपॉलिशला कोणी विचारत नाही. कुंकू, हळद, हिरवा चुडा, जोडवी, मंगळसूत्र, मेंदी यांतल्या प्रत्येक रंगाला आणि धातूला आधीच मालक आहे. लाल कुंकवाचा, हिरवा चुड्याचा, पिवळा हळदीचा. नेलपॉलिश उशिरा आले, म्हणून त्या यादीत त्याला जागा मिळाली नाही. ते सौभाग्यलेणे नाही, त्यामुळे ते उतरवण्याचा विधीही नाही. उशिरा येण्याचे असेही फायदे असतात.

अर्थात नख रंगवणे आपल्याकडे अगदी नवे आहे असे नव्हे. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत दात, वस्त्रे आणि अंग रंगवण्याची कला आहे. मेघदूतातल्या अलकानगरीत कल्पवृक्ष यक्षस्त्रियांना दागिन्यांबरोबर पायाला लावायचा लाक्षारंगही पुरवतो. ती लाक्षा म्हणजे झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी आपली लाख. गंमत अशी की इंग्रजीत नेलपॉलिशला 'लॅकर' असाही शब्द आहे, आणि तो पोर्तुगीजांच्या तोंडून फिरत फिरत याच लाखेपासून गेला. शब्द मात्र गेला, वस्तू गेली नाही. आजच्या बाटलीत लाखेचा कण नसतो. कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूवर रासायनिक प्रक्रिया करून केलेले नायट्रोसेल्युलोज, ते विरघळवणारी उडून जाणारी द्रावके आणि रंग, एवढाच मूळ मसाला. द्रावक उडाले की नखावर पापुद्रा राहतो. हा पापुद्रा पाणी अडवतो, म्हणून आमच्या मुस्लिम विद्यार्थिनी वजू करण्याआधी तो काढून टाकतात आणि सणाला मेंदीच पसंत करतात, कारण मेंदी कातडीत मुरते, वर थर धरत नाही. म्हणजे विचारणारे अगदीच कोणी नाही असे नाही. प्रश्न फक्त वेगळा आहे.

यात्रेतली ती बाटली तिसऱ्या दिवशी नखावरून सोलून निघाली. ही हकीकत पुण्यातल्या भाचीला कळली, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तिच्याकडून सहा बाटल्यांचे पार्सल आले. मोठ्या कंपन्यांचा हा माल नव्हे. घरच्या घरी, थोड्या थोड्या प्रमाणात रंग कालवून विकणाऱ्या बायकांचा एक लहानसा धंदा जगभर वाढला आहे, त्यातला. तयार पातळ आधार विकत आणायचा, त्यात आपली चमक, आपले रंगद्रव्य घालायचे आणि नाव द्यायचे. नावे मोठी काव्यात्म, सगळी इंग्रजी. त्या आम्हांला चालेनात. टेबलावर सहाही बाटल्या मांडून आम्ही नामकरण केले, आणि लक्षात आले की मराठीत रंगांची नावे शिकायची तर ती साडीच्या दुकानात. मोरपंखी, गुलबक्षी, आंबा, कैरी, अबोली अशी पाच पटकन जमली. सहावी निळ्या-जांभळ्याच्या सीमेवरची, तिला 'चिंतामणी'. (चिंतामणी गणपतीचे कळंब ते यवतमाळ जिल्ह्यातले, आमचे नव्हे. टपालातही ही गफलत होते. या निमित्ताने आम्ही ते कळंबही वापरून घेतले.)

आता प्रत्यक्ष लावण्याविषयी. बेचाळीस अंशांच्या दुपारी हे काम करू नये. द्रावक इतक्या वेगाने उडते की कुंचला दुसऱ्यांदा फिरवेपर्यंत पहिला फटकारा चिकट होतो आणि पाकासारख्या तारा सुटतात. पंख्याखाली बसलो तर वरचा पापुद्रा आधी वाळतो, खालचे द्रावक अडकते आणि बारीक बुडबुडे उठतात. सकाळी सहाला, पंखा बंद करून, पातळ थर द्यायचा, तो पुरता वाळू द्यायचा, मग दुसरा. चमकीचे कण रंगापेक्षा जड, ते तळाशी बसू नयेत म्हणून आधारात एका प्रकारची माती घातलेली असते. बाटली स्थिर असते तेव्हा ती माती द्रवाला घट्ट धरून ठेवते, हलवली की सैल सोडते. आमच्या काळ्या रानातली चिकणमाती वापरतात की नाही ठाऊक असायचे कारण नाही, पण स्वभाव ओळखीचा वाटला.

मोरपंखी बाटलीने आम्हांला चकवले. ट्यूबलाइटखाली ती नुसती करडी, मळकट दिसत होती. एकीने ती बाजूला सारलीही. मग वाळत घातलेल्या कुरडया पाहायला गच्चीवर गेलो, आणि नखाच्या मधोमध सप्तरंगी रेघ उमटली, बोट वळवले तशी ती सरकली. त्या कणांवर अतिसूक्ष्म चर असतात, त्यांवरून प्रकाश फुटतो. पण त्यासाठी उघडे, थेट, निर्दय ऊन लागते. पावसाळी देशांतल्या बायका या रंगासाठी उन्हाची वाट पाहत असतील. आमच्याकडे ऊन ही एकच गोष्ट मागणीपेक्षा जास्त आहे. उन्हाचा असा काही उपयोग आहे हे मराठवाड्यात कोणी सांगितले नव्हते.

चमकीविषयी आमचे एकमत झाले नाही. या बाटल्यांतली एक चमक प्लॅस्टिकची. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३पासून प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंधन आणले आहे आणि नखांच्या रंगाला आणखी काही वर्षांची मुदत दिली आहे. दुसरी चमक अभ्रकाची. अभ्रक येते झारखंडातल्या कोडरमा-गिरिडीहच्या पट्ट्यातून, जेथे सोडून दिलेल्या खाणींत लहान मुले पापुद्रे वेचतात आणि कधी ढिगाऱ्याखाली सापडतात. २०१६मध्ये अशा लपवलेल्या मृत्यूंच्या बातम्या जगभर झळकल्या होत्या. आमच्यापैकी एकीने हे सांगितले आणि कुंचला बाटलीत परत घातला. दुसरी म्हणाली, "मॅडम, ते खरंच आहे. पण अभ्रक गाडीच्या रंगातही असतं, भिंतीच्या रंगातही असतं. प्राचार्यांच्या गाडीला तुम्ही कधी असं विचारलं होतं का?" बाईने स्वतःसाठी काही घेतले की नेमका तेव्हाच जगाचा हिशेब निघतो, असे तिचे म्हणणे. दोन्ही म्हणणी आम्ही येथे ठेवतो. त्यांतले एक निवडायला आम्हांला जमलेले नाही.

लाल बाटली पार्सलात नव्हती. ती बाजारातून आणू का, असे एकीने विचारले, तेव्हा दुसरी म्हणाली, "लाल नको असं नाही. लाल लावलं तर सगळे लालच बघतील, नख कोणी बघणार नाही." तिने आंबा निवडला. तो रंग लावून ती उत्तरपत्रिका तपासायला गेली. दहाही नखे सोन्याच्या कणांनी भरलेली, पिवळीजर्द. शेजारच्या टेबलावरच्या एका सरांनी बराच वेळ पाहून विचारले, "आमरस झाला वाटतं आज?" एका तरुण प्राध्यापिकेने जवळ येऊन नाव विचारले आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये लिहून घेतले. एकीने काही न बोलता मान वळवली. दिवसभरात एवढेच घडले.

हातांच्या या निरीक्षणाची सवय आम्हांला निवडणुकीच्या कामामुळे लागली असावी. ७ मे २०२४ला लोकसभेचे मतदान होते, आमच्यापैकी एकीकडे शाईची बाटली होती. म्हैसूरच्या कारखान्यात बनणारी ही शाई १९६२च्या निवडणुकीपासून वापरात आहे, त्यातल्या सिल्व्हर नायट्रेटमुळे ती कातडीला आणि नखाला धरून बसते. डाव्या तर्जनीवर, नखापासून खाली कातडीपर्यंत रेघ ओढायची. त्या वर्षी चैत्री पौर्णिमा २३ एप्रिलला झाली होती, म्हणजे यात्रेला पंधरवडाच उलटला होता. ऊसतोडीहून परतलेल्या बायका रांगेत होत्या. तोडताना ऊस डाव्या हातात धरतात आणि कोयता उजव्या हातात, त्यामुळे पाचटाने चिरलेला असतो तो बहुतेक डावा हात. त्या चिरलेल्या, फुटलेल्या नखांवर गुलाबी, चंदेरी, राणी रंगाची चमक होती, अर्धी उडालेली. शाईची काडी चमकीवरून घसरून कातडीवर येईपर्यंत थोडा वेळ लागे. एक बाई म्हणाली, "रंग खराब करू नका बाई, खालून ओढा." नियमाप्रमाणे नखावरूनच ओढावी लागली. त्यांच्या हातांकडे तेव्हा शाईपुरतेच पाहिले होते.

सुटी आता संपत आली आहे. कैरी कोणालाच आवडली नाही. अबोली फारच सभ्य आहे, ती पुढे दीक्षांत समारंभाला चालेल. चमक काढायला ॲसिटोनचा बोळा नखावर ठेवून वर चांदीचा कागद गुंडाळावा लागतो. दहा मिनिटे दहाही बोटे अशी बांधून बसलो असताना दारावरची बेल वाजली, तर उठून दार कोणी उघडायचे हा प्रश्न दोन वेळा पडला. चिंतामणी निम्म्यावर आली असून उन्हाने दाटली आहे. तिच्यात रिमूव्हर ओतायचे नसते, वेगळे थिनर घालायचे असते. कळंबच्या दुकानात ते नाही म्हणाले. लातूरला कोणी जाणार असेल तर सांगून ठेवले आहे.