नेहरू नगरच्या चौकातून

नागपूरहून रायपूरच्या रस्त्याने निघाले, की दुर्ग मागे पडते न पडते तोच नेहरू नगरचा चौक येतो. छत्तीसगडमधल्या भिलाईची ही वसाहत. घरे, दुकाने, संध्याकाळची वर्दळ; मुद्दाम पाहायला यावे असे येथे फारसे काही नाही. थांबवते ते नाव.

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. तेव्हा हा मुलूख जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर! ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. प्रजासत्ताक अवघे नऊ वर्षांचे होते. मल्याळी, तेलुगू, बंगाली, पंजाबी, मराठी कुटुंबे येथे शेजारी-शेजारी राहू लागली. एकीकडे इडलीचे पीठ आंबत होते, तर दुसरीकडे पुरणाला चटका बसत होता. देश एक आहे, हे या घरांना कोणी भाषणातून सांगावे लागले नाही.

मग २० ऑक्टोबर १९६२ उजाडला. चिनी फौजा चालून आल्या, आणीबाणी जाहीर झाली. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे मराठी माणूस अभिमानाने सांगे. देशभरच्या बायकांनी हातातल्या पाटल्या-बांगड्या काढून राष्ट्रीय संरक्षण निधीत दिल्या. महिन्याभरात युद्ध थांबले, पदरी पराभव आला. पण देश एवढा एकवटलेला क्वचितच दिसला होता. वेगळ्या द्रविडनाडूची मागणी करणाऱ्या द्रमुकनेही १९६३ मध्ये ती सोडून दिली.

या लाटेची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. आसाम-बंगालमधल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले गेले. त्यांत म्हातारेकोतारे होते, लेकरे होती, येथेच जन्मलेले कितीतरी जण होते. बांगड्या देणाऱ्या हातांचे कौतुक करताना हेही आठवायला हवे.

भिलाईत भट्ट्या धगधगतच राहिल्या. नेहरू २७ मे १९६४ रोजी गेले. पराभवाचा बोल त्यांना लागला तो लागलाच. कारखाना मात्र वाढला; १९६७ मध्ये त्याची क्षमता दहा लाख टनांवरून पंचवीस लाख टनांवर गेली. भिलाईचे रूळ देशभर पसरले. नागपूरची गाडी येथवर येते तीही बहुधा त्यांवरूनच.

१९७१ चे युद्ध जिंकल्यावर, १९७२ मध्ये भारत-सोव्हिएत स्नेहाची खूण म्हणून येथे मैत्री बाग उभी राहिली. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये नकाशावरून पुसला गेला. बाग आहे, नावही तेच आहे. नेहरू नगरमधली मंडळी सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन तेथे पांढरे वाघ पाहायला जातात. मैत्री कोणाची, असे एखादे पोर विचारते, आणि आजोबांना करारापासून सुरुवात करावी लागते.